ऐकण्याची तीन मिनिटं

बुधवारी सकाळी काकूंची वाचा गेली. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. काका मागच्या अंगणात होते. त्यांच्या कानातलं यंत्र बंद होतं. शेजारणीने काकूंना जमिनीवर पाहिलं आणि काकांना हाका मारल्या. हाका त्यांना ऐकू आल्या नाहीत, म्हणून ती अंगणात गेली आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. रिक्षा आली. मला कॉलेजच्या ग्रंथालयात फोन आला, तेव्हा काकू इस्पितळात पोचल्या होत्या.

आज दोघंही नाहीत. मला लिहायचं आहे ते काकांविषयी, पण काकूंना वगळून ते लिहिता येत नाही.

नोकरीसाठी रत्नागिरीला आले, तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्याच दिवशी नळाचं विचारायला खाली गेले, तर काका पडवीत वर्तमानपत्र पसरून बसलेले. पुढ्यात सेल ओळीने मांडलेले होते. एकेक उचलून ते त्याचं टोक खोडरबराने घासत होते. मी दोनदा विचारलं. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "सव्वाला ये."

मला वाटलं, माणूस तुसडा दिसतोय. तेवढ्यात आतून काकू आल्या.

"तू वर जा गो. सव्वा झाले की मी सांगते त्यांना पाणी सोडायला."

सव्वा म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. काका बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. त्या काळी समुद्रावर एक नियम होता. दर तासाला दोनदा, सव्वाला आणि पावणेला, सगळ्या बोटींच्या रेडिओंनी तीन मिनिटं गप्प राहायचं. कोणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. कुठे कोणी संकटात असेल, त्याचा आवाज क्षीण झाला असेल, तर तो इतरांच्या गलबल्यात बुडू नये म्हणून. रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर तेवढा भाग लाल रंगवलेला असे. काकांच्या पडवीतल्या घड्याळावरही होता. मुलीच्या जुन्या नेलपॉलिशने त्यांनी तो स्वतः रंगवला होता. उपग्रह आले, बोटींवरची ती नोकरी गेली, तो नियमही गेला. काकांच्या घरात मात्र राहिला.

हेडफोनांनी आणि इंजिनांच्या घरघरीने त्यांचे कान आधीच निकामी होत आले होते. मुलीने मस्कतहून कानातलं यंत्र पाठवलं. त्याला इवलंसं दार असतं. आत सेल ठेवून दार लावलं की यंत्र चालू, उघडलं की बंद. काका ते तासातून दोनदा लावत. हातातलं काम थांबवून, मान जराशी तिरकी करून, तीन मिनिटं घराचं ऐकत. मग दार उघडून पुन्हा आपल्या कामाला. बॅटरी वाचवायची म्हणून.

बॅटरी वाचवणं हा त्यांचा छंद होता असं म्हटलं तर ते रागावले असते. छंद विमानाचा होता. विमान म्हणजे ग्लायडर, थर्माकोलसारख्या फोमचं आणि हलक्या लाकडाचं, काकांनी घरी बनवलेलं. त्याला मोटर नव्हती. शहराबाहेर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, टोकाशी समुद्राचा वारा कड्यावर आपटून वर चढतो. त्या वाऱ्यावर ते ग्लायडर तासन् तास तरंगत राही. काका कड्यापासून जरा मागे उभे राहून गळ्यात अडकवलेल्या ट्रान्समीटरच्या दोन काड्या बोटांच्या टोकांनी हलवून ते वळवत. काकू त्या ट्रान्समीटरला डबा म्हणत. आठ सेल त्या डब्यातच असत.

त्या सेलांसाठी काका जे करत ते मी कोणत्याही आजारी माणसासाठी केलेलं पाहिलेलं नाही. आमच्याकडची हवा खारट. डब्यातल्या स्प्रिंगांना पावसाळ्यात हिरवा गंज चढतो. तो ते व्हिनेगरच्या बोळ्याने पुसत, कोरडा करत, वर व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट फिरवत. उडवून आले की सेल लगेच बाहेर. एकत्र विकत घेतलेले सेल एकत्रच वापरायचे, नव्यात जुना मिसळायचा नाही, कारण एक अशक्त असला की बाकीच्या सातांना तो ओढतो. चार्जिंग नेहमी सावकाश, आणि सेल हाताला कोमट लागला की पुरे. डब्याच्या पडद्यामागचा दिवा त्यांनी बंद केला होता. बटणांचे टिकटिक आवाज बंद. त्यात एक बाई इंग्रजीत उंची सांगायची, बॅटरी उतरली की तेही सांगायची. तिचंही तोंड काकांनी पहिल्याच दिवशी बंद केलं.

"बोलायला वीज लागते," ते म्हणत. "ऐकायला लागत नाही."

काकूंनी एकदा, सव्वाच्या तीन मिनिटांत, त्यांना यावर पकडलं. ऐकायला लागत नाही ना, मग तुमचं ऐकणं का बंद असतं? काका जराही न गोंधळता म्हणाले, "हे यंत्र ऐकत नाही. हे माझ्या कानात बोलतं."

सड्यावर त्यांच्या जोडीला भाई असायचे. खाडीपलीकडच्या गावातले. कुवेतला बरीच वर्षं एसीची कामं करून परतले होते आणि हा नाद तिकडूनच घेऊन आले होते. त्यांच्या ट्रान्समीटरमध्ये लिथियमचा पॅक होता, दिवा झगझगीत होता आणि ती इंग्रजी बाई सड्यावर मोठ्याने बोलत असायची. दोघांचं त्यावरून रोज वाजायचं.

"काका, तुम्ही बॅटरी वापरताव की पाळताव?" भाई विचारत.

काकांनी ते बहुधा ओठांवरून वाचलं असावं. ते म्हणाले, बॅटरी उडण्यासाठी नसतेच, परत येण्यासाठी असते. निम्मी उरली की ते ग्लायडर उतरवत. वारा कितीही छान असो, वर घारी असोत, भाई कितीही आग्रह करोत. अर्धं भरलेलं पोट घेऊन पानावरून उठल्यासारखं ते डबा बंद करत. तोही क्रमाने, आधी विमानातला रिसीव्हर, मग डबा. विमान चालू ठेवून डबा बंद करणाऱ्याला ते माणसात गणत नसत.

कानातल्या सेलबद्दल भाईंनी त्यांना एकदा पडवीत नीट समजावलं. मी तिथे होते. तो सेल हवेवर चालतो. वरचा चिकट कागद काढला की हवा आत जाते आणि तो सरायला लागतो. मग यंत्र चालू ठेवा नाहीतर बंद. "बंद ठेवून थोडं वाचतंय, पण तो आपल्या परीने मरतोयच, काका. वापरून तरी घ्या." काकांना हे माहीत होतं. ते निजताना कागद परत चिकटवत. म्हणाले, "थोडं वाचतं ना? मग झालं."

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बाहेर मळभ होतं, वीज गेली होती, म्हणून वाचता येत नव्हतं आणि मी पडवीत बसले होते. ते तरुण होते तेव्हाची गोष्ट. अरबी समुद्रात असताना पावणेच्या मौनात त्यांना एक हाक ऐकू आली होती. कुठली तरी लहान मालबोट, इंजिन बुडालेलं, रेडिओ आणीबाणीच्या बॅटरीवर. मोर्सची टिकटिक अडखळत येत होती. बोटीचं नाव आलं, बुडतोय असं आलं, आणि ठिकाण सांगायला सुरुवात झाली तेवढ्यात आवाज बारीक होत गेला आणि थांबला. काका पुढचा सगळा दिवस हेडफोन लावून बसून राहिले. पुन्हा काही आलं नाही.

"त्याने आधी फार बोलून घेतलं असणार," काका म्हणाले. एवढंच.

काकूंनी या माणसाशी संसार केला, आणि मला सांगायला हवं की रडत केला नाही. त्या भंडाऱ्यांच्या घरातल्या, आवाज खणखणीत, बोलणं अखंड. लग्न ठरताना मुलगा बोटीवर असतो हे सांगितलं होतं, बहिऱ्याचं नाय सांगितलं, असं त्या कोणालाही ऐकवत. आणि वर म्हणत, "बोटीवर होते तेव्हा वर्षाला चार पत्रं यायची. आता तासाला दोनदा भेट होते. सुधारणाच म्हणायची."

त्यांनी त्या तीन मिनिटांची सवय करून घेतली होती. सांगायच्या गोष्टी त्या मनात लावून ठेवत. गॅस, मुलीचा फोन, दारावर आलेल्या कोळणीकडे सौंदाळे चांगले होते ते. महत्त्वाचं आधी. काटा लाल रंगाबाहेर गेला की वाक्य अर्धवट राहायचं आणि काका शांतपणे यंत्राचं दार उघडायचे. मग उरलेलं वाक्य घेऊन काकू जिना चढून माझ्याकडे येत. ग्रंथालयातून आल्यावर मी चहा ठेवी आणि काकू खुर्चीत बसून बोलत. त्यांचं माहेर, बाळंतपण, काका समुद्रावर असताना एकटीने काढलेलं आजारपण, सासूचं मरण. काकांच्या वाट्याला तीन मिनिटं यायची, बाकीचं सगळं माझ्या वाट्याला. मला बोलायला फारसं येत नाही. ऐकायला आवडतं.

एकदा काकू हट्टाने सड्यावर गेल्या. इतकी वर्षं हा माणूस तिथे काय करतो ते बघायचं होतं. संध्याकाळी परत आल्या त्या तडक वर, वाऱ्याने केस विस्कटलेले, चेहरा एखाद्या मुलीसारखा. वाऱ्यात ते यंत्र नुसतं घोंघावतं, म्हणून काका तिथे ते लावतच नसत, सव्वालासुद्धा नाही. त्यामुळे काकू त्यांच्या शेजारी दगडावर बसून ग्लायडर उतरेपर्यंत बोलत राहिल्या होत्या.

"सगळं बोलून घेतलं गो. लग्न झाल्यापासूनचं. कोणाला नाय सांगितलं तेपण. ते वर बघत होते नि मान हलवत होते."

"काय बोललात?"

"ते तुला कशाला?" म्हणाल्या आणि हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "ऐकू आलं असतं तर बोलले नसते कदाचित. पण एकदा त्यांना सांगायचं हाय. नीट, घरात बसून. तीन मिनिटांत नाय मावायचं ते."

काका उडवत असताना मान हलवतात ती ग्लायडरच्या वळणाबरोबर, हे भाईंनी मला नंतर सांगितलं.

बुधवार त्याच वर्षी आला. काकू वाचल्या, उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. अगदी मुकेपण आलं असंही नाही. "दे दे दे" असा एकच आवाज त्यांच्या तोंडून निघायचा. हवं, नको, पाणी, राग, सगळ्याला तेच. डॉक्टरांनी काकांना वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, की झटका आला त्या क्षणी त्यांना हाक मारताच आली नसती. काकांनी वाचलं, कागद परत केला.

"आणि मारली असती तर?" त्यांनी विचारलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवसापासून यंत्राचं दार सेल बदलण्यापुरतंच उघडलं गेलं. कपाटात साठवून ठेवलेल्या सेलांच्या पट्ट्या काकांनी काढल्या. त्यातल्या पुष्कळशांची मुदत केव्हाच टळून गेली होती. भाईंनी रत्नागिरीच्या दुकानांतून नवे आणले आणि काका ते खर्चू लागले, निजतानाही यंत्र कानात ठेवून. घड्याळावरचा लाल रंग त्यांनी ब्लेडने खरवडून काढला. सड्यावर जाणं थांबलं. ते काकूंच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसत, आणि ऐकत.

मी त्यांना कामात कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. डोळे मिटलेले, मान तिरकी, बोटं मांडीवर हलकेच टेकलेली. काकूंचं "दे दे" आलं की ते म्हणत, खिडकी. मी खिडकी लावायची, आणि काकू गप्प व्हायच्या. कधी म्हणत, पाठ दुखतेय. कधी म्हणत, मुलीला फोन लाव. बहुतेकदा बरोबर असायचं. मस्कतची मुलगी येऊन राहून गेली. तिला वाटलं बाबा मनाचं सांगतात. काकांनी तिला सांगितलं की मोर्समध्येही सगळ्यांचं टिक नि टाँ एकच असतं, पण कळ दाबणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा. हात ओळखला की निम्मं काम होतं.

रोज संध्याकाळी, मी कॉलेजातून आले की, ते जिन्याखालून मला बोलावत. "ती तुझ्याशी बोलायची. काय बोलायची?" आणि मी सांगत असे. माहेरच्या विहिरीचं सांगितलं. मुलगी तापाने फणफणली होती आणि एसटी चुकली म्हणून तिला कडेवर घेऊन काकू किती चालल्या होत्या, ते सांगितलं. काकांनी त्या वेळी जपानहून छत्री पाठवली होती. ती आली तेव्हा त्या हसल्या की रडल्या हे काकू मला प्रत्येक वेळी वेगळं सांगायच्या, तेही सांगितलं. काकू पलंगावरून ऐकत. कुठे चुकलं की "दे दे" करून मला थांबवत. काका मध्ये बोलत नसत. शेवटी एकदा म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं," आणि पुढे बरेच दिवस तेच म्हणत राहिले.

सड्यावर काय बोलल्या ते मात्र मला माहीत नव्हतं. नीट बसून सांगायचं आहे, असं त्या म्हणाल्या होत्या, तेवढं मी सांगितलं. त्यानंतर काका त्या एका गोष्टीपाशी अडले. बाकीचं त्यांना माझ्याकडून मिळालं होतं. हे कोणाकडेच नव्हतं, फक्त काकूंकडे होतं.

गवत पिवळं पडलं तेव्हा भाईंनी गाडी आणली. आम्ही काकूंना चाकाच्या खुर्चीसकट सड्यावर नेलं. जांभ्या दगडावर खुर्ची नीट चालेना, म्हणून भाईंनी आणि काकांनी ती उचलली. भाईंनी आपलं विमान सोडलं. काकांचा डबा घरीच होता. काकू वर बघत होत्या. मग काका त्यांच्यासमोर खाली बसले आणि स्पष्ट शब्दांत विचारलं, "अगो, त्या दिवशी इथे काय बोललीस? मला ऐकायचंय."

वाऱ्यात यंत्र घोंघावणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोघांच्या डोक्यांवर घेतला आणि कडा हातांनी धरून ठेवल्या. मी थोडी दूर उभी राहिले.

काकू बोलल्या. खूप वेळ बोलल्या. तेच "दे दे दे", पण त्यात चढउतार होते. कुठे थांबणं होतं, कुठे कुजबुज, मध्येच एकदा हसू. एका ठिकाणी कुणाला तरी दटावल्यासारखं वाटलं. मग आवाज खाली खाली येत गेला आणि त्या रडल्या. गोष्ट संपली हे मला दुरूनही कळलं. भाईंनी विमान केव्हाच उतरवलं होतं. त्यांच्या डब्यातल्या बाईला त्यांनी बोलू दिलं नव्हतं.

काकांनी पंचा काढला. काकूंचं तोंड पुसलं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, सांगून टाकल्यावर माणूस बघतो तशा. काकांनी मान हलवली, हो म्हणून. या वेळी ती काकूंसाठीच हलवली होती.

परतताना खुर्ची गाडीत चढवून झाल्यावर मी त्यांना विचारलं नाही. तेच म्हणाले, माझ्याकडे न बघता.

"हात तिचाच होता. संदेश कळला नाही."

काकू माघात गेल्या. शेवटपर्यंत त्यांची समजूत होती की त्यांनी सांगितलं आणि काकांना कळलं. काकांनी ती मोडली नाही.

त्यानंतर काका दीडेक वर्ष होते. मुलीने मस्कतला बोलावलं, गेले नाहीत. ग्लायडर आणि डबा त्यांनी भाईंना देऊन टाकला, सेलांसकट. यंत्र दिवसभर चालू असायचं. आता त्यांना सगळं ऐकू यायचं आणि त्यात काही ऐकण्यासारखं नव्हतं. फ्रिज, बुलबुल, रस्त्यावरच्या रिक्षा. एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तू वर अनवाणी असतेस का गो? घरात कोणी आहेसं वाटत नाही." मी दुसऱ्या दिवशी बाजारातून जाड तळाच्या चपला आणल्या आणि वर घालून वावरू लागले. स्वयंपाकघरातून पुस्तकांच्या खोलीत, तिथून परत. काही दिवसांनी ते म्हणाले, आज तू उशिरा उठलीस.

ते दुपारच्या झोपेतच गेले. जवळ भाई आणि मी होतो.

मुलगी येऊन सामान आवरून गेली. घर तिने विकलेलं नाही. खाली कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. मी वर राहते. घरात चपला घालूनच चालते.